अडगावच्या रानात स्कॉटलंडचे कास्तकार

ब्रिटन म्हटले की आपल्यासमोर एकच चित्र उभे राहते. घोड्यावर बसलेला, टोपीवाला, हुकूम सोडणारा गोरा साहेब. आपल्या आज्या-पणज्यांनी तोच पाहिला आणि तोच आपल्या गोष्टींत उतरला. पण ज्या बेटावरून हा साहेब आला तेथेही वावरे होती, धुरे होते, धुऱ्यावरून तंटे होते. खंड थकला की पोटात गोळा उठणारा कास्तकारही होता. त्या कास्तकारांची पोरे दोनशे वर्षांपूर्वी बंदूक खांद्यावर टाकून आपल्या हिवरखेडच्या शेजारशिवेपर्यंत येऊन गेली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

हिवरखेडहून अकोटकडे निघाले की वाटेत अडगाव बुद्रुक लागते. या अडगाव-शिरसोलीच्या शिवारात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूला नागपूरकर दुसरे रघुजी भोसले यांची फौज. तिचे सेनापती रघुजींचे बंधू मन्याबापू, आणि मदतीला शिंद्यांचे घोडदळ. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची फौज आणि तिचा चौतीस वर्षांचा सेनापती आर्थर वेलस्ली. दोनच महिने आधी, २३ सप्टेंबरला, जालना जिल्ह्यातील असईच्या मैदानात याच वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झुंज दिली होती. तेथे त्याची ७४ वी पलटण जवळजवळ कापली गेली होती.

अडगावला लढाईला तोंड लागले ते दिवस कलल्यावर. कंपनीची फौज दिवसभर चालून थकली होती आणि वेलस्लीचा बेत खरे तर मुक्कामाचा होता. पण एका गावच्या बुरुजावर चढून त्याने दुर्बीण लावली, तर समोर भोसल्यांची फौज लांबच लांब रांग धरून उभी दिसली. मग मुक्काम राहिला बाजूला. भोसल्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीचे देशी शिपाई दचकून मागे वळले. असईला ज्यांनी छातीठोक मार खाल्ला, त्यांतलेच हे शिपाई. वेलस्लीने स्वतः घोडा घालून त्यांना आवरले, पुन्हा रांगेत आणले, आणि मग सगळी फौज एका ओळीत पुढे सरकली. भोसल्यांच्या बाजूने पाचशेच्या आसपास परदेशी शिपाई सरळ ७४ व्या आणि ७८ व्या पलटणीवर तुटून पडले. त्यांतले जवळजवळ कोणी परत गेले नाही. दिवस बुडाला तरी पाठलाग चालूच होता, चांदण्यात. भोसल्यांच्या ३८ तोफा रानातच राहिल्या. कंपनीकडचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या वर माणसे गेली. भोसल्यांची किती गेली याचा कोणी धड हिशेब ठेवला नाही. हरलेल्याची माणसे मोजायला मागे कोण राहतो?

पुढचे सगळे महिन्याभरात उरकले. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामी आला. १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक प्रांत कंपनीला दिला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. ३० डिसेंबरला आपल्याच सुर्जी अंजनगावात शिंद्यांशी तह झाला. पुढे ५० वर्षांनी, १८५३ मध्ये, निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिला आणि आपल्या कापसाची वाट लँकेशायरच्या गिरण्यांकडे वळली. वऱ्हाडच्या दोनशे वर्षांच्या कहाणीची पहिली गाठ अशी अडगावच्या वावरात बसली.

या वेलस्लीचा पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. पावसाळ्यात वा फवारणीच्या वेळी आपण जे उंच रबरी बूट चढवतो, त्यांना इंग्लंडात आजही वेलिंग्टन म्हणतात, ते याच्याच नावावरून. त्याने चांभाराकडून आपल्या सोयीचे चामडी बूट करून घेतले, लोकांनी त्यांची नक्कल केली, पुढे चामड्याचे रबर झाले. अडगावचा विजेता आज गमबुटात शिल्लक आहे म्हणा ना! आणि हा पक्का इंग्रज म्हणवणारा सेनापती जन्माने आयर्लंडचा, डब्लिन शहरातला.

साहेब एक नव्हे, चार

येथे थोडा भूगोल पाहिला पाहिजे. आपण सरसकट इंग्रज म्हणतो, पण त्या राज्यात देश चार आहेत: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड. पहिले तीन एकाच मोठ्या बेटावर आहेत. इंग्लंड आणि स्कॉटलंड १७०७ मध्ये एक झाले. आयर्लंड १८०१ मध्ये जोडला गेला आणि त्याचा मोठा भाग १९२२ मध्ये पुन्हा वेगळा झाला. स्कॉटलंडच्या माणसाला इंग्रज म्हणून पाहा, तो लगेच बोलणे दुरुस्त करील. नागपूरकराला पुणेकर म्हटल्यासारखेच ते.

अडगावला वेलस्लीच्या गोऱ्या पायदळातल्या तीन पलटणी, ७४ वी, ७८ वी आणि ९४ वी, स्कॉटलंडच्या होत्या. त्यातली ७८ वी पलटण १७९३ मध्ये उभी राहिली ती त्या देशाच्या पार उत्तरेकडे, रॉस नावाच्या डोंगराळ परगण्यात. तिकडचा जमीनदार मॅकेंझी ऑफ सीफोर्थ याने ती उभारली. रॉस परगण्याच्या पश्चिमेचे लुइस हे बेटही त्याच्याच मालकीचे. १७९७ साली ही पलटण हिंदुस्थानात आली.

अख्खे स्कॉटलंड आपल्या विदर्भापेक्षा लहान आहे. विदर्भ ९७ हजार चौरस किलोमीटर, स्कॉटलंड सुमारे ७८ हजार. उत्तरेचा डोंगराळ भाग म्हणजे हायलँड्स. तिथे पीक यायला जागाच कमी. डोंगर, खडक, दलदल आणि वर्षभर भुरभुर पाऊस. आपण २१ अंश अक्षांशावर, ते ५८ वर. म्हणून जूनमध्ये तेथे रात्री दहा वाजल्यानंतरही उजेड असतो आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधार पडतो. पिके म्हणजे ओट, जव आणि पुढे आलेला बटाटा. गहू तिकडे नीट पिकत नाही. ओटचा भरडा पाण्यात शिजवून केलेली जाडसर पेज हे रोजचे जेवण. आपल्या ज्वारीच्या कण्यांची ती सख्खी बहीण समजा.

जमीन खडकाळ असल्याने नांगर धड चालत नसे. मग वाकड्या दांड्याचा पायाने रेटायचा एक नांगर वापरीत. जेथे माती पातळ तेथे दोन्हीकडून माती ओढून उंच वाफे करीत, मधून पाणी वाहायला चर. आपला सरी-वरंबाच तो, फक्त पाणी देण्यासाठी नव्हे तर पाणी काढून टाकण्यासाठी! खत म्हणून समुद्राचे शेवाळ. ते बायांनी पाठीवर टोपल्यांत भरून वर चढवून आणायचे. ओझे बायांच्या पाठीवर, ही रीत दोन्हीकडे सारखीच. लाकूडफाटा नव्हता, म्हणून दलदलीतली कुजक्या झाडपाल्याची काळी माती विटांसारखी कापून वाळवीत आणि चुलीत घालीत. गवऱ्यांचे काम ती माती करी. घराच्या भिंती हातभर जाडीच्या, नुसत्या दगडांच्या, वर गवताचे छप्पर. एका टोकाला माणसे, दुसऱ्या टोकाला ढोरे, मध्ये शेकोटी. धुराडे नाही. धूर छपरातून वाट काढी.

उन्हाळा आला की बाया-पोरे गुरे घेऊन डोंगरावर जात, झोपड्यांत राहत आणि दूध घुसळून लोणी, पनीर करून खाली आणीत. गाविलगडाचे नाव ज्या गवळ्यांवरून पडले असे म्हणतात, त्यांना ही माणसे परकी वाटली नसती. गावची पिकाऊ जमीन पट्ट्या-पट्ट्यांत विभागलेली असे आणि ठरावीक वर्षांनी चिठ्ठ्या टाकून पट्ट्यांची अदलाबदल होई, म्हणजे चांगले-वाईट सगळ्यांच्या वाट्याला येई. चराई सगळ्या गावाची.

भाषाही इंग्रजी नव्हे. गेलिक. तिच्यात घराण्याला ‘क्लान’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘लेकरे’ असा आहे. एक प्रमुख आणि बाकी सगळी त्याची लेकरे, एकाच आडनावाची. मॅकेंझी, मॅकडोनाल्ड, कॅम्पबेल ही ती आडनावे. प्रमुखासाठी लढायचे आणि त्याने जमीन सांभाळायची, असा अलिखित करार. जमीन आपल्या कुळाची आहे, हे प्रत्येकाला मनोमन पटलेले. कागद मात्र प्रमुखाच्या नावावर.

कुळाचे कूळ झाले

१७४६ साली कल्लोडनच्या माळावर या डोंगरी लोकांचा लंडनच्या राजाच्या फौजेने पराभव केला. त्यानंतर सरकारने त्यांची हत्यारे काढून घेतली, आणि चौकड्यांचा तो गुडघ्यापर्यंतचा झगा, ज्याला किल्ट म्हणतात, तो घालायलाही कायद्याने बंदी केली. अपवाद एकच: सरकारी फौजेत भरती झाले तर झगा घालायची मुभा. किती चलाख बेत पाहा! ज्याने कालपर्यंत आपल्याशी लढाई केली, त्याच्याच पोराला त्याचाच पोशाख देऊन आपल्यासाठी लढायला न्यायचे. ही बंदी १७८२ मध्ये उठली. तोवर डोंगरी पलटणींची कीर्ती पसरली होती. पुढे चालणारा वाजंत्री बगलेत चामड्याची पिशवी दाबून सूर काढी. आपल्याकडे पोलीस बँडात जे मशकवाद्य ऐकू येते ते त्यांचेच.

प्रमुखही बदलले. त्यांची पोरे लंडनला, एडिंबरोला राहू लागली. तिकडचा खर्च भागवायला रोकड लागते. अशा वेळी दक्षिणेतून चेव्हियट जातीची मेंढी वर आली. ती डोंगरातली थंडी सोसते, लोकरही चांगली देते, आणि इंग्लंडात लोकरीच्या गिरण्यांना माल हवाच होता. पन्नास कुटुंबांकडून जो खंड येत असे त्याच्या कितीतरी पट एकटा मेंढीवाला द्यायला तयार. मग प्रमुखाला आपली लेकरे जड वाटू लागली. आपल्या भाषेत कूळ म्हणजे घराणे आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाराही. तिकडे नेमके तेच घडले. कुळातली माणसे नुसती कुळे झाली, आणि कुळाला उठवता येते.

१७९२ मध्ये रॉस परगण्यातल्या लोकांनी एकत्र जमून जमीनदारांच्या हजारो मेंढ्या हाकलून परगण्याबाहेर काढायला सुरुवात केली. कोणाला मारले नाही, एक मेंढी चोरली नाही. गेलिक बोलणारे अजूनही त्या सालाला ‘मेंढ्यांचे साल’ म्हणतात. सरकारने फौज पाठवली, मुख्य माणसे पकडली, खटले झाले. आणि त्याच रॉस परगण्यात पुढच्याच वर्षी ७८ व्या पलटणीची भरती सुरू झाली. त्या काळी पलटण उभारणारे जमीनदार खंडकऱ्याला सांगत: घरातला एक पोरगा द्या, तुमच्या वावराला हात लावणार नाही. न दिला तर काय होईल, हे बोलून दाखवायची गरज नसे. अडगावच्या रानात जी गोरी पोरे उभी राहिली, त्यांच्यामागे गावाकडे असे शब्द दिले-घेतलेले होते. समोर भोसल्यांच्या फौजेतही रोजमुऱ्यासाठी आलेली कुणब्यांची पोरे असतीलच. एकाला दुसऱ्याचे काही ठाऊक नाही.

शब्द पाळले गेले का? काही ठिकाणी काही काळ. फार ठिकाणी नाही. पलटणीला माणसे लागायची थांबली तसा शब्दही स्वस्त झाला. शेजारच्या सदरलँड परगण्यात १८१४ मध्ये स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातली घरे रिकामी करून पेटवली गेली. हे काम करणारा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर खटला झाला, पण १८१६ मध्ये तो निर्दोष सुटला. उठवलेल्या लोकांना समुद्रकाठी खडकाळ तुकडे दिले. १८४६ मध्ये बटाट्यावर करपा आला आणि तेही पीक सडले. मग लोक जहाजांत बसून कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेले. काहींना अक्षरशः जहाजात घातले. १८५४ मध्ये क्रिमियाच्या लढाईसाठी सदरलँडचा ड्यूक पुन्हा भरतीला आला, तेव्हा कोणी उठले नाही. एका म्हाताऱ्याने त्याला ऐकवले की माणसांपेक्षा मेंढ्या बऱ्या वाटल्या, तर आता लढायलाही त्यांनाच पाठवा. ही गोष्ट तिकडे आजही सांगतात.

चराईसाठी उभ्या राहिलेल्या बाया

डोंगरी कास्तकार पुन्हा ताठ उभा राहिला तो १८८२ मध्ये. स्काय नावाच्या बेटावर ब्रेज म्हणून वस्ती आहे. तिथल्या लोकांची जुनी चराई जमीनदाराने काढून घेतली होती. त्यांनी खंड थांबवला. बेदखलीच्या नोटिसा घेऊन आलेल्या कारकुनाकडून त्यांनी त्या नोटिसा जाळून घेतल्या. मग ग्लासगोहून ५० च्या आसपास पोलीस आले. त्यांच्यावर दगड घेऊन धावल्या त्या मुख्यतः बाया. पोलिसांनी काही जणांना पकडून नेले, पण ही बातमी साऱ्या देशात पोचली. गायरानासाठी भांडलेल्या आपल्याकडच्या गावांना हे काही नवे वाटणार नाही.

सरकारने १८८३ मध्ये चौकशी समिती नेमली. तिचा अध्यक्ष लॉर्ड नेपियर. हा गृहस्थ आधी मद्रासचा गव्हर्नर होता. १८७० मध्ये खामगावचा आगगाडीचा फाटा सुरू करायला जो व्हाइसरॉय आला, त्या लॉर्ड मेयोचा १८७२ मध्ये अंदमानात खून झाला. त्यानंतर काही आठवडे हिंदुस्थानचा कारभार पाहायला हाच नेपियर होता. तो गावोगावी फिरला. गेलिकमधून दिलेल्या साक्षी दुभाषाकरवी लिहून घेतल्या. पिढ्यान्‌पिढ्या न बोललेली माणसे पहिल्यांदा सरकारसमोर बोलली. बोलल्यावर जमीनदार वावरातून काढील, अशी भीती किती तरी जणांनी तेथेच बोलून दाखवली.

१८८६ मध्ये कायदा आला. खंड भरणाऱ्या लहान कास्तकाराला उठवता येणार नाही. खंड किती, हे जमीनदार नव्हे तर सरकारी आयोग ठरवील. त्याने बांधलेले घर, घातलेला बांध याची भरपाई मिळेल. जमीन कसण्याचा हक्क वारसाला जाईल. आपल्याकडे विदर्भाला कुळकायदा मिळाला तो १९५८ मध्ये, म्हणजे ७२ वर्षांनंतर. पण दोन्ही कायद्यांत एक मोठा फरक आहे. आपल्या कायद्याने कसणाऱ्याला मालक करायचे ठरवले. तिकडच्या कायद्याने मालकी जमीनदाराकडेच ठेवली आणि कुळाचे पाय मात्र पक्के रोवले. कोणता बरा? याचा एक चमत्कारिक निकाल लुइस बेटावर लागला.

लुइस म्हणजे तेच, सीफोर्थचे बेट. पहिल्या महायुद्धात तिथली पोरे मोठ्या संख्येने गेली. जमीन देऊ, असे त्यांना पुन्हा एकदा सांगितले गेले होते. लढाई संपल्यावर घरी परतणाऱ्या खलाशांचे एक जहाज १ जानेवारी १९१९ च्या पहाटे बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटले आणि दोनशेहून जास्त माणसे घराचे दिवे दिसत असताना बुडाली. वाचून आलेल्यांनी पाहिले तर बेटाला नवा मालक आलेला: लॉर्ड लिव्हरहुल्म. आपल्या दुकानांत सनलाइट आणि लाइफबॉय साबण ज्या लिव्हर कंपनीने आणले तिचा हा मालक. त्याने १९१८ मध्ये अख्खे बेट विकत घेतले. बेटावर मासळीचे कारखाने काढायचे, पक्के रस्ते करायचे, सगळ्यांना पगारी काम द्यायचे, असा त्याचा बेत. माणूस वाईट नव्हता. पण शिपायांना काम नको होते, वावर हवे होते. त्यांनी ग्रेस आणि कोल या मोठ्या फार्मांत घुसून जमीन आखून घेतली. लिव्हरहुल्मला कळेना की पगारापेक्षा चार तुकडे खडकाळ रान या लोकांना का हवे. आपल्याला कळते.

शेवटी १९२३ मध्ये तो कंटाळला आणि त्याने बेट सोडायचे ठरवले. जाताना त्याने लोकांना सांगितले, तुमच्या ताब्यातले वावर तुम्ही फुकट घ्या, मालक व्हा. आणि बहुतेकांनी नाही म्हटले! फुकट मिळणारी मालकी नाकारणारा कास्तकार जगात दुसरा कुठे असेल असे वाटत नाही. पण त्यांचा हिशेब साधा होता. मालक झालो तर मालकावरचे कर आपल्याला भरावे लागतील आणि १८८६ च्या कायद्याचे संरक्षण जाईल. कूळ म्हणून राहिलो तर खंड थोडा, ठरलेला, आणि कोणी उठवू शकत नाही. शंभर वर्षे ज्या भीतीने झोप उडवली होती ती कायद्याने घालवली होती. मालकीच्या कागदाने ती घालवता आली असती का, याची त्यांना खात्री नव्हती.

स्टॉर्नोवे शहर आणि भोवतालची जमीन मात्र लोकांच्या एका विश्वस्त मंडळाने घेतली. त्या जमिनीवर राहणारे लोक मतदान करून विश्वस्त निवडतात आणि ते मंडळ आजही चालू आहे. पुढे १९७६ च्या कायद्याने लहान कास्तकाराला आपले वावर विकत घ्यायचा हक्क दिला. १९९३ मध्ये असिंट भागातल्या कास्तकारांनी वर्गणी काढून, मदत गोळा करून, आपला डोंगर जमीनदारीतून सोडवला. २००३ च्या कायद्याने गावाने मिळून जमीन विकत घेण्याची वाट मोकळी झाली. लुइस-हॅरिसच्या घराघरांत हातमागावर लोकरी कापड विणले जाते. बेटावर घरी विणलेल्या कापडालाच ‘हॅरिस ट्वीड’ हे नाव लावता येते, असा १९९३ चा कायदा आहे. ज्या मेंढीने लोकांना उठवले, तिच्याच लोकरीवर आता शेकडो घरांची भाकर निघते.

७८ वी पलटण १८८१ मध्ये दुसऱ्या पलटणीत मिसळून ‘सीफोर्थ हायलँडर्स’ झाली. तिची पदके आणि निशाणे इन्व्हर्नेसजवळच्या फोर्ट जॉर्ज किल्ल्यातल्या संग्रहालयात ठेवली आहेत. असईच्या लढाईची खूण म्हणून पलटणीला हत्तीचे चिन्ह मिळाले होते. अडगावचे नाव ते आपल्या उच्चाराने लिहीत: अर्गॉम.